भावजींची हरकत

साऱ्या जगाचा व्यापार कसा चालावा हे नीट समजलेला माणूस सबंध जाफराबाद तालुक्यात एकच, आणि तो म्हणजे आमचे थोरले भावजी, माझ्या यजमानांचे सख्खे मोठे भाऊ. हे माझं म्हणणं नाही, त्यांचंच आहे; पण इतकी वर्षं ऐकून ऐकून आता ते मला माझंच वाटायला लागलंय. जगात कुठं दोन देशांचं बिनसलं, कुणी कुणाच्या मालावर आयातशुल्क बसवलं, कुठल्या समुद्रात जहाजं अडकून पडली, की इकडं टेंभुर्णीत भावजींची भूक मरते. जाऊबाई ताट वाढून बसलेल्या असतात आणि हे भिंतीकडं बघत म्हणतात, "लई अवघड करून राह्यले हे लोक." कोण लोक, ते विचारायचं नाही. विचारलं की वरण गार होईस्तोवर उत्तर चालतं.

हे वेड त्यांना लागलं ते जालन्यात. तरुणपणी तिथल्या एका जिनिंगमध्ये ते मुकादम होते. शेतकरी गाड्या भरून कापूस आणायचे आणि शेठ गादीवरून सांगायचा, "बाहेर भाव पडलाय." शेतकरी मुकाट्यानं कापूस ओतून जायचे. पुढच्या खेपेला पुन्हा तेच, बाहेर भाव पडलाय. एक दिवस भावजींनी विचारलं, "शेठजी, बाहेर म्हणजे कुठं?" शेठ म्हणाला, "बाहेर म्हणजे बाहेर. तू गठाणी बघ." दुसरा कुणी असता तर गठाणी बघत बसला असता. आमच्या भावजींनी त्या दिवसापासून ते 'बाहेर' शोधायला घेतलं. आधी रेडिओवर शोधलं, मग पेपरात, पुढं टीव्हीवर, आणि आता नातवानं दिलेल्या मोबाईलवर. नोकरी सुटली, केस गेले, उजवा कान गेला, पण शोध काही सुटला नाही. शेवटी ते बाहेर त्यांना जिनिव्हात सापडलं. तिथं म्हणे जगातल्या बहुतेक देशांची व्यापाराची एक मोठी पंचायत आहे. आमच्या ग्रामपंचायतीत सरपंच कोण हे भावजींना दोनदा विचारावं लागतं, पण त्या पंचायतीत कोण कुणावर रुसलंय हे तोंडपाठ.

माझ्याशी ते बोलायला लागले तेही या व्यापारापायी. आमच्या घरात तेव्हा थोरल्या दिरापुढं धाकट्या भावजयीनं तोंड उघडायची रीत नव्हती. मी लग्न होऊन आले तेव्हापासून कितीतरी वर्षं भावजींना मला जे सांगायचं असेल ते त्यांनी दाराच्या चौकटीला सांगितलं. "कुणीतरी म्हणावं, भाकरी जरा पातळ थापा," असं ते चौकटीला म्हणायचे आणि मी चुलीपाशी ऐकायची. माझं उत्तर मी चुलीला द्यायची. असं आमचं बरं चाललं होतं. पण पुढं असं झालं की जगाच्या व्यापारावर त्यांचं ऐकून घ्यायला घरात कुणी उरलं नाही. त्यांचा भाऊ, म्हणजे माझे यजमान, पहिल्याच वाक्याला घोरायचे. पोरं मागच्या दारानं निघून जायची. चौकटीलाही ते सगळं झेपत नसावं. मग एक दिवस भावजी थेट माझ्याकडं बघून म्हणाले, "ताराबाई, तुम्हाला काय वाटतं, सरकारनं कांद्याची निर्यात बंद करायला पाहिजे होती का?" मला त्यातलं ओ का ठो कळत नव्हतं. पण त्या घरात मला काय वाटतं हे पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं होतं, म्हणून मी पदर सावरून म्हणाले, "घरात पुरत असंल तर कशाला बंद करावी." त्यांनी बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, "मुद्दा हाय." तेव्हापासून मी त्यांची जागतिक सल्लागार.

आता बाहेर सापडलं, तर माणसानं समाधानानं गप बसावं की नाही? यांनी तिथले नियम घरात आणले. त्यातला पहिला नियम असा की एका देशाला जी सवलत द्याल ती सगळ्यांना द्यायची, त्यात डावं-उजवं करायचं नाही. नियम चांगला आहे, माझं काही म्हणणं नाही. पण भावजींना तीन सुना. धाकटीच्या भावाचं लग्न निघालं, तिला माहेरी आठवडाभर जास्त राहायचं होतं. भावजींनी मोठ्या मनानं परवानगी दिली आणि दिल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की नियम मोडतोय. लगेच उरलेल्या दोघींना बोलावून सांगितलं, "तुम्हालाबी तेवढीच सवलत. आजच निघा." त्या बिचाऱ्यांचं माहेरी काही काम नव्हतं, पण अशी सवलत कोण सोडतं? दुपारच्या गाडीनं दोघी पसार. जाऊबाईंचा हात नेमका तेव्हाच प्लास्टरात. मग काय, आमच्या चुली तोवर वेगळ्या झालेल्या, तरी रोज जेवायच्या वेळेला दोघं नवरा-बायको आमच्या ओसरीवर. भावजी ताटावर बसताना म्हणायचे, "ताराबाई, नियम पाळायचा तर तोशीस पडतेच." तोशीस मला पडत होती. ते फक्त नियम पाळत होते.

शेवग्याच्या दिवसांत तर त्यांच्यासमोर जायची सोय नसते. ज्याच्या परसात झाड आहे तो शेंगांचे भारे घेऊन दारोदार फिरतो, हे तुम्हालाही ठाऊक असेल. भाच्यानं एकदा असाच एक भारा आणून दिला. भावजींनी दारातच अडवलं. "फुकट देऊन राह्यला तू. तुझ्या घरी नको झाला म्हणून आमच्या अंगणात ओततो. मंग बाजारात शेंगा विकणाऱ्या बाईनं काय करायचं? याला डंपिंग म्हणतात." भाचा घाबरून म्हणाला, "मामा, आईनं दिल्यात." भावजी म्हणाले, "आईला सांग, आमची हरकत नोंदवली." भाचा भारा घेऊन माघारी गेला आणि वळसा घालून मागच्या दारानं जाऊबाईंना देऊन गेला. रात्री आमटी भुरकताना भावजींनी विचारलं, "शेंगा कुठल्या?" जाऊबाई म्हणाल्या, "बाहेरच्या."

जाऊबाईंवर मात्र त्यांची मात्रा कधी चालली नाही. जाऊबाईंचं माहेर तीर्थपुरीचं. तिकडून दरवर्षी लिंबाच्या लोणच्याच्या बरण्या येतात. एका वर्षी भावजींनी जाहीर केलं की तीर्थपुरीचा माल फार येऊन राह्यला, त्यानं घरच्या लोणच्याचं नुकसान होतं. यापुढं दर बरणीमागं शुल्क म्हणून त्यांना एकदा कांदाभजी मिळाली पाहिजे. दुसऱ्या दिवशी सकाळी भावजींनी चहाचा घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "साखर विसरलीस का काय?"

"विसरली न्हाई," जाऊबाई म्हणाल्या. "साखर अंकुशनगरच्या कारखान्याची. तीबी बाहेरूनच येती. तिच्यावर म्या शुल्क लावलंय."

दोन दिवस भावजींनी बिनसाखरेचा चहा तत्त्व म्हणून प्यायला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्याकडं येऊन म्हणाले, "वाटाघाटी झाल्या. दोन्ही बाजू समाधानी हायेत." त्यांच्यामागून जाऊबाई येतच होत्या. त्या म्हणाल्या, "एकच बाजू समाधानी हाय, तारा."

आणखी एक खोड सांगते. कुठलीही वस्तू हातात आली की ती उलटी करून मागं कुठल्या देशाचं नाव आहे ते बघायचं. खेळणं असो, दिव्यांची माळ असो, पाहुण्यांची छत्री असो. एकदा घनसावंगीकडं एका लग्नात पंगतीला बसलो होतो. ताटं नवीन, चकचकीत. वाढपी भात वाढून पुढं गेला आणि भावजींना ताटाचा मूळ देश आठवला. त्यांनी अंदाज घेत ताट हळूच वर धरलं, खालून वाकून बघितलं, तोवर वरण घेऊन दुसरा वाढपी आला. त्यानं वरणाची पळी घातली ती ताटात नाही, भावजींच्या टोपीवर. टोपीवरून वरण ओघळत असताना हे मला सांगतात, "जालन्याचंच हाय, ताराबाई. आपलाच माल."

पण त्यांचं खरं राज्य बाजाराच्या दिवशी. आमच्या बाजारतळाच्या कडेला जुना बसथांबा आहे. त्याचं छप्पर एका वावटळीत उडालं, खालचं सिमेंटचं बाकडं तेवढं राहिलं. त्या बाकड्यावर तिघं जण बसायचे. डाव्या टोकाला घोंगड्या विकणारे आबा, मधे भावजी आणि भावजींच्या उजव्या अंगाला मनियार चाचा, म्हणजे आमचे बांगड्यावाले. चाचांची पेटी बाकड्याच्या अगदी समोर, कडुलिंबाच्या सावलीत असायची. बारीक अंगाचा माणूस, पण बांगडी भरताना हाताला कधी काच लागू दिली नाही त्यांनी. माझ्या लग्नातला चुडा त्यांच्याच हातचा, आणि माझ्या सुनांचाही.

बाजारात भांडणं काय कमी असतात? कुणाची ताडपत्री शेजारणीच्या हद्दीत सरकली, कुणी भर दुपारी भाव पाडला, कुणाच्या कोंबड्यानं कुणाची ज्वारी खाल्ली. असली भांडणं पोलिसात जात नाहीत आणि पंचायतीला त्यात रस नाही. ती बाकड्यापुढं यायची. भावजींनी जिनिव्हाच्या धर्तीवर बाकड्याचे नियम करून ठेवले होते. बाकडं तिघांचं. तिघं नेमलेले असले तरच बाकडं पुरं, आणि पुऱ्या बाकड्याचाच निकाल चालणार. नवीन माणूस नेमायचा तर सगळ्यांची संमती पाहिजे. आणि संमती म्हणजे काय, तर जे हजर आहेत त्यांच्यातल्या कुणी तोंडानं हरकत घेतली नाही म्हणजे झाली संमती. घरी बसून कुरकुरणाऱ्याची हरकत धरायची नाही. हा शेवटचा नियम भावजी फार अभिमानानं सांगायचे. "जिनिव्हातबी असंच हाय," म्हणायचे.

निकाल कसे लागायचे तेही बघण्यासारखं होतं. एकदा एक भाजीवाली भर बाराच्या उन्हात मेथी निम्म्या भावानं विकायला लागली. शेजारणीनं आरडाओरडा केला. भावजींनी दोघींना उभं करून डंपिंगवर व्याख्यान दिलं. आबा आपले "बराबर" म्हणाले. आबा सगळ्यालाच बराबर म्हणायचे, तेवढा एकच शब्द त्यांनी बाकड्यासाठी राखून ठेवला होता. मग चाचांनी पुढं वाकून त्या बाईला हळूच विचारलं, "बेटी, घर में कौन बीमार है?" बाई रडायलाच लागली. लेकरू तापानं फणफणलेलं, तिला लवकर घरी जायचं होतं. चाचांनी शेजारणीकडं बघितलं. शेजारणीनं तिच्या सगळ्या जुड्या आपल्या टोपलीत घेतल्या आणि म्हणाली, "जा बाई तू, विकते मी." भावजींचं व्याख्यान अजून संपलेलं नव्हतं.

मोकळ्या वेळात भावजी त्या दोघांना जगाची खबर द्यायचे. जिनिव्हात अपिलं ऐकणाऱ्यांच्या सात खुर्च्या आहेत आणि त्या सातही रिकाम्या पडल्यात, कारण एक अमेरिका नवीन माणसं नेमूच देत नाही, हे सांगताना त्यांचा आवाज कापायचा. चाचा हसायचे. "क्या भाऊ, इत्ती बड्डी दुनिया और सात आदमी नहीं मिलते? हमारे टेंभुर्णी में तीन मिल गये." भावजी म्हणायचे, "आपल्यासारखे मिळाले पाहिजेत ना." आणि तिघंही खूश होऊन चहा मागवायचे.

मागच्या हिवाळ्यात चाचा गेले. आजार नाही, काही नाही. सकाळी उठलेच नाहीत. भावजी मातीला गेले, आल्यावर अंघोळ करून ओसरीत बसले आणि सबंध दिवस त्यांनी मोबाईल उघडला नाही. जगात त्या दिवशी काय झालं ते टेंभुर्णीला कळलंच नाही.

मग बाकड्यावर तिसरा माणूस नेमायचा विषय निघाला. बाजारकरी नाव सुचवायचे आणि भावजी हरकत घ्यायचे. कापडवाल्याचं नाव आलं, तर म्हणाले, "त्याच्या दुकानात बाराही महिने सेल. ज्याला स्वतःचा भाव ठाऊक न्हाई तो दुसऱ्याचा काय ठरवणार?" निवृत्त गुरुजींचं आलं, तर म्हणाले, "ते निकाल देईस्तोवर पालक सुकंल." एक निवृत्त कंडक्टर होते, हसतमुख माणूस, गावात सगळ्यांना चालणारा. त्यांच्यावर तर सगळ्यात मोठी हरकत. "उभ्या जन्मात त्यानं सुट्टे परत दिले न्हाईत. त्याच्या हाती न्याय द्यायचा?" दर बाजारी एक नाव यायचं आणि दर बाजारी पडायचं. आबा भावजींच्या हरकतीलाही बराबर म्हणायचे आणि पुढच्या नावालाही. बाकडं काही पुरं होईना.

अशात चाचांचा चाळिसावा झाला आणि त्यांची सून, शाहीन, सासऱ्याची पेटी घेऊन बाजारात आली. तिचा नवरा जालन्याला सळईच्या कारखान्यात रोजंदारीवर. पेटी चालवायची ती हिनंच; हातही सासऱ्यासारखाच हलका. येऊन बघते तर लिंबाच्या सावलीत 'हर माल'वाला बसलेला. बाहेरगावचा माणूस. पिना, कंगवे, प्लॅस्टिकच्या बांगड्या, चष्मे, सगळं एका भावात. तो काही वाईट नव्हता. "जागा मोकळी दिसली, बसलो," म्हणाला. "पंचायतीची पावती फाडतो दर बाजारी. माझ्याबी घरी खाणारी तोंडं हायेत, बाई. बाकडं म्हणंल तर उठतो."

पण बाकडं म्हणणार कसं? पुरं कुठं होतं?

शाहीनला जागा मिळाली ती नालीच्या कडेला, सुकट-बोंबिलवाल्यांच्या शेजारी. आता भाजी काय, नाक धरून घेता येते. बांगड्या भरायच्या तर पोत्यावर निवांत बसावं लागतं, हात सैल सोडावा लागतो, चार गोष्टी बोलाव्या लागतात. बोंबिलाच्या वासात कोण नवरी चुडा भरायला बसेल? दोन-तीन बाजार ती तशीच बसून माघारी गेली. लग्नसराई तोंडावर आलेली.

एक दिवस दुपारी ती भावजींच्या घरी आली. मी तिथंच होते, जाऊबाईंना पापडाचं पीठ मळू लागत होते. शाहीन पायरीवरच टेकली. भावजींनी तिला आत घेतलं, पाणी दिलं, आणि म्हणाले, "बेटी, तुझी बाजू बिलकुल खरी हाय. पण दोघंच नेमलेले असताना निकालाला अर्थ न्हाई. उद्या तो हर मालवाला म्हणंल, नियम मोडला."

"मंग बाकडं पुरं कवा होईल, काका?"

"लायक माणूस मिळाला की."

शाहीन जराशी हसली. "मामूली माणूस चालत न्हाई का?" तिनं ओढणी सारखी केली. "लग्नं निघून गेली तर पेटी बंद करते मी, काका. इन्का कारखाना है ना जालन्याला, तिथल्या कँटीनमध्ये पोळ्या लाटायला बाया पाहिजेत. अब्बा की पेटी कुणाला लागली तर सांगा. काच चांगली हाय सगळी."

ती गेली. मग जाऊबाईंनी परात सरकवली आणि अगदी सहज विचारावं तसं विचारलं, "ते तुमच्या जिनिव्हात खुर्च्या कोण भरू देत न्हाई म्हणले?"

"अमेरिका."

"का बरं?"

"तिची हरकत हाय. दरवेळी म्हणती, आधी सुधारणा करा, मंग बघू."

"अन् मधल्या मधी हाल कुणाचे?"

"बारक्या देशांचे." हा त्यांचा आवडता विषय, त्यामुळं आवाज आपोआप चढला. "मोठ्याचं काय, तो आपल्या जोरावर बघून घेतो. बारक्यानं दाद कुणाकडं मागायची? दुकान बंद करून घरी बसायचं का त्यानं?"

एवढं बोलून भावजी एकदम थांबले. जाऊबाई पीठ चेचत होत्या. चेचता चेचता म्हणाल्या, "एवढ्या मोठ्या दुनियेत अमेरिका माझ्याच नशिबी आली. अन् रोज उठल्याबरोबर गरम पाणी मागती."

मी तोंडाला पदर लावला. भावजींना मात्र हसू आलं नाही. ते खाली बघून नखानं चटईची काडी काढत बसले. मग माझ्याकडं बघून हळू आवाजात म्हणाले, "कंडक्टर माणूस वाईट न्हाई, ताराबाई. सुट्ट्यांचं आपलं मी जोडून सांगितलं." काडी दोन बोटांत मोडली. "चाचा माझ्या उजव्या अंगाला बसायचा. त्या कानानं मला ऐकू येत न्हाई, हे त्याला एकट्यालाच ठाऊक व्हतं. म्हणून तो वाकून बोलायचा. आता दुसऱ्या माणसाला काय सांगू, वाकून बोल म्हणून?"

तो कान गेल्याचं साऱ्या घराला ठाऊक होतं. आम्ही कुणी बोललो नव्हतो एवढंच. तेव्हाही बोललो नाही.

पुढच्या बाजाराच्या दिवशी सकाळी मी पिशव्या घेऊन निघाले, तर भावजी आमच्या ओसरीवर येऊन बसलेले. म्हणाले, "कंबर धरलीय. आज बाजाराला जाणं होत न्हाई." मला खरंच काळजी वाटली. स्वतःच्या लेकीची हळद लागलेली असताना हा माणूस मांडवातून उठून तासभर बाकड्यावर जाऊन आला होता. पण मग मी बघितलं, तर भुईमुगाच्या शेंगांचं पोतं त्यांनी एकट्यानं कोपऱ्यातून ओढून आणलं आणि उकिडवे बसून शेंगा फोडायला लागले. धरलेली कंबर अशी वाकत नाही. मनात म्हटलं, बसा.

बाजारात बाकड्यावर आबा एकटेच. समोर शाहीन, हर मालवाला आणि दहा-पाच बाजारकरी जमलेले. कंडक्टर जरा लांब, केळीवाल्याशी बोलत उभे. आबांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. मला विचारलं, "भाऊ न्हाई आले?"

"कंबर धरलीय म्हणतात."

आबा माझ्याकडं बघतच राहिले. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उजाडलं. उभ्या हयातीत बराबरच्या पुढं न गेलेला माणूस, पण त्या दिवशी घोंगडी झटकून उभा राहिला आणि बोलला. "भाऊ हजर न्हाईत. नियम भाऊंचाच हाय, जो हजर न्हाई त्याची हरकत धरायची न्हाई. मी हजर हाय, माझी हरकत न्हाई. कंडक्टरसाहेबांना बाकड्यावर घेऊन राह्यलो. अजून कुणाची हाय का हरकत?"

कुणाची असणार? कंडक्टर येऊन बसले. भावजी धरून नेमलेले तिघं झाले, बाकडं पुरं झालं. निकालाला केळं सोलून खाण्याइतकाही वेळ लागला नाही. लिंबाखालची जागा शाहीनची. हर मालवाल्याला शाळेच्या फाटकाजवळची जागा दिली. तो तर तिथं पोरांची गर्दी बघून खूशच झाला आणि स्वतः शाहीनची पेटी उचलून लिंबाखाली ठेवून गेला.

मी घरी आले तर भावजी शेंगाच फोडत होते. आमच्या घरी चटणीला लागतात त्याच्या चौपट शेंगा फोडून झालेल्या. मला म्हणाले, "गर्दी व्हती का?"

"होती."

"ऊन?"

"होतं की."

"गूळ कसा हाय?"

"काळा हाय, घेतला न्हाई."

वांगी विचारली, टमाटे विचारले, मिरची कुठल्या गावची तेही विचारलं. सगळा बाजार विचारून झाल्यावर, हातातल्या शेंगेकडं बघत म्हणाले, "बाकड्यावर कोण कोण व्हतं म्हणायचं?"

मी सगळं सांगितलं. आबा कसे बोलले तेही सांगितलं. त्यांनी मान हलवली. मग जरा वेळानं, "कंडक्टर मोठ्यानं बोलला का?"

"कंडक्टरच ते, भावजी. पार वेशीपर्यंत ऐकू गेलं."

"मंग ठीक हाय," म्हणाले.

संध्याकाळी उतरत्या उन्हात शाहीन पेटी डोक्यावर घेऊन आली. दमली होती, पण बोटांना काकणांची हिरवी चमकी लागलेली. म्हणजे हात रिकामा राहिला नव्हता. दारातूनच म्हणाली, "काका, जागा मिळाली."

"चांगलं झालं. पण मला कशाला सांगून राह्यली? मी तर तिथं नव्हतोच."

"हौ काका," ती म्हणाली, "मालूम हाय. तुम्ही नव्हते म्हणूनच तर."

भावजींनी तिच्या ओंजळीत शेंगदाणे ओतले. ओतताना थोडे खाली सांडले, ते वेचायला दोघं एकदम वाकले, आणि वाकल्यावर भावजींना आठवलं की आपली कंबर धरलेली आहे. मग ते तसेच हात टेकून, कण्हत कण्हत उठले. माझ्याकडं बघितलं नाही.

आता सगळं सुरळीत चाललंय. शाहीननं लग्नसराई धरली. जिनिव्हातल्या खुर्च्या अजून रिकाम्याच आहेत, आणि भावजी रोज रात्री मोबाईल बाजूला ठेवताना म्हणतात, "एखाद्या बाजारी त्या अमेरिकेची कंबर धरली पाहिजे, ताराबाई." बाकड्यावर ते पुन्हा जायला लागलेत. कंडक्टरांना नियम शिकवतात, त्यांच्यावर रागावतात, त्यांच्या चहाचे पैसे आपण देतात. फक्त बसायची तऱ्हा बदललीय. डाव्या टोकाला आबा, त्यांना लागून भावजी, आणि पार उजव्या टोकाला कंडक्टर. मधे एक बारीक अंगाचा माणूस बसेल एवढी जागा राहते. कंडक्टर तिकडून मोठ्यानं बोलतात, भावजी मान वळवून ऐकतात, आणि ती जागा तशीच राहते. कुणी ठरवलेलं नाही, कुणी हरकतही घेतलेली नाही. मागच्या बाजारी ऊन फार होतं. हात भरून आले म्हणून मी पिशवी तिथं टेकवायला गेले, आणि टेकवली नाही. काखेत धरून तशीच उभी राहिले, त्यांचं बोलणं संपेपर्यंत.